आठव्या दिवशी काय?

मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने एक चांगली योजना लागू केली. रस्त्यावर अपघात झाला, तर जखमी माणसावर ठरवून दिलेल्या दवाखान्यात दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार. पैसे कोण भरणार, नातेवाईक कधी येणार, हे विचारत बसायचं नाही. मुदत मात्र अपघाताच्या दिवसापासून सात दिवस.

आधीच सांगतो, या योजनेला माझा विरोध नाही. नांदेड-लोहा-अहमदपूर-लातूर रस्त्यावरून ज्यांचं रोजचं जाणंयेणं आहे त्यांना याची किंमत माहीत आहे. गाळप सुरू झालं की मागच्या लाल दिव्याशिवाय, रिफ्लेक्टरशिवाय, दोन-दोन ट्रॉल्या जोडून उसाची ट्रॅक्टरं रात्रभर पळतात. मागून मोटरसायकलवाला येतो आणि थेट उसात घुसतो. अशा वेळी पहिला तास, पहिला दिवस, पहिला आठवडा हाच जीव असतो. तो वाचवायलाच पाहिजे.

माझा प्रश्न पुढचा आहे. आठव्या दिवशी काय?

पहिल्या सात दिवसांचं आपल्याला सगळं कळतं. १०८ ला फोन लागतो. गावातली पोरं ग्रुपवर क्यूआर कोड टाकतात, रात्रीतून पैसे जमतात. रक्त द्यायला रांग लागते. पुढारी दवाखान्यात येऊन जातात, फोटो निघतो. शुद्ध आली, धोका टळला, की "देवाच्या कृपेने वाचला" असं म्हणून सगळे आपापल्या कामाला. पेपरातही बातमी तिथेच संपते. जखमी तेवढ्यापुरता जखमी. पुढे तो ना मृतांत, ना बातमीत.

आणि मग तो डिस्चार्ज कार्ड घेऊन गावाकडे येतो. कार्डावर शेवटी एक ओळ असते, फिजिओथेरपीचा सल्ला. कुठे घ्यायची? कोणाकडे? किती दिवस? माहूर-किनवटच्या माणसाने त्यासाठी नांदेडला रोज यायचं का? जायला गाडी करायची तर भाडं, एसटीने जायचं तर त्याला चढवायचं कोणी? तिसऱ्या खेपेला घरचे म्हणतात, जाऊ द्या, घरीच तेलाने चोळू.

इथून पुढे जे होतं ते घरातल्या बाजेवर होतं आणि कोणाला दिसत नाही.

मणक्याला मार लागून ज्याचं कमरेखालचं अंग गेलं, त्याची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. दिवसा आणि रात्री सुद्धा. नाही बदलली तर माकडहाडापाशी, टाचेला जखम होते. तिथे संवेदनाच नसते, म्हणून त्याला दुखत नाही. वास यायला लागतो तेव्हा घरच्यांना कळतं आणि तोपर्यंत ती हाडापर्यंत गेलेली असते. लघवीच्या नळीची स्वच्छता कोणी नीट शिकवलेली नसते, मग वारंवार ताप, जंतुसंसर्ग, शेवटी मूत्रपिंडावर. सांधे रोज हलवले नाहीत तर आखडून बसतात. ट्रॉलीखाली जो मेला नाही तो बाजेवर मरतो. गावात सांगतात, "अपघातात गेला होता तो, दोन वर्षांनी वारला." दोन वर्षांनी तो अपघाताने नाही, न झालेल्या सेवेने मेलेला असतो. मृत्यूच्या दाखल्यावर तसं कोणी लिहीत नाही.

डोक्याला मार लागून वाचलेल्याची गत तर याहून वेगळी. तो चालतो, बोलतो, जेवतो. बाहेरून धडधाकट. पण नावं आठवत नाहीत, हिशेब जमत नाही, क्षणात भडकतो, लेकरांवर हात उगारतो. तोही मेंदूच्या जखमेचाच भाग असू शकतो, हे घरच्यांना कोणी सांगितलेलं नसतं. गाव म्हणतं, येडा झाला. सासरचे म्हणतात, बाधा झाली. दवाखाना सुटतो आणि देवऋषी सुरू होतो.

आणि हे सगळं करतं कोण? दर दोन तासांनी कूस बदलायला रात्री कोण उठतं? बायको. नाहीतर माय. ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची, ते बंद झालं. म्हणजे एका अपघाताने घरातली एक नाही, दोन मजुऱ्या गेल्या. हा हिशेब कुठल्याच योजनेत धरलेला नाही.

आता जिद्दीबद्दल बोलू. कारण हे सगळं सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, "माणसात जिद्द पाहिजे भाऊ, जिद्द असली की सगळं होतं. आपल्या भाग्यश्री जाधवचं बघा."

बघू या. नीटच बघू.

२८ ऑगस्ट २०२४. पॅरिस पॅरालिम्पिकचं उद्घाटन. भारताचा तिरंगा दोघांच्या हातात होता. एक भालाफेकीतला सुवर्णविजेता सुमित अंतिल. दुसऱ्या आपल्या मुखेड तालुक्यातल्या होनवडजच्या भाग्यश्री जाधव. खुर्चीत बसून गोळा फेकणाऱ्या. टोकियोत सातव्या, पॅरिसला पाचव्या. मधल्या काळात हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत रौप्य आणि कोबेच्या जागतिक स्पर्धेतही रौप्य. त्या दिवशी आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येकाचं स्टेटस तेच होतं. असायलाच पाहिजे होतं.

२००६ मध्ये त्यांच्या शरीरात विष गेलं. कित्येक दिवस बेशुद्ध. जीव वाचला, पायांची ताकद गेली. आणि मैदानावर त्या उतरल्या २०१७ मध्ये, तेही पुण्यातल्या एका स्पर्धेतून.

२००६ ते २०१७. अकरा वर्षं.

आपण सगळे २०२४ वर टाळ्या वाजवतो. मला त्या अकरा वर्षांबद्दल विचारायचंय. भाग्यश्रीताईंना नाही, त्यांनी त्यांची परीक्षा दिली आणि पासही झाल्या. विचारायचंय ते आपल्या जिल्ह्याला. त्या अकरा वर्षांत नांदेड जिल्ह्यात अशी एक जागा होती का, जिथे कोणी म्हटलं असतं की पोरी, पाय गेले, खांदे आहेत ना, ये इकडे? मुखेडला होती? देगलूरला, कंधारला होती? जी ताकद २०१७ मध्ये दिसली ती त्यांच्या अंगात २००७ मध्येही असेलच की. मग उशीर कोणाचा?

आणि ज्यांच्यापर्यंत पुणे पोचलंच नाही त्यांचं काय? त्यांच्यात जिद्द नव्हती असं म्हणायचं का?

हा जो जिद्दीचा जप आहे ना, तो मला खटकतो तो इथे. एकाची जिद्द दाखवायची आणि उरलेल्यांना गप्प करायचं. जो उठला तो वाघ, जो उठला नाही त्याच्यातच खोट. म्हणजे रस्ता आमचा, ट्रॉली आमची, दवाखाना आमचा आणि बरं होण्याची जबाबदारी तेवढी एकट्याची त्याची.

दुसरं उदाहरण घ्या. मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातले. 'चंदू चॅम्पियन' सिनेमा आल्यापासून सगळ्यांना माहीत झालेत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, मणक्याला इजा झाली, कमरेखालचं शरीर गेलं. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्ण. पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्णपदक.

त्यांची जिद्द कोण नाकारेल? पण त्या जिद्दीच्या पाठीमागे काय काय उभं होतं तेही वाचा. लष्कराचं रुग्णालय होतं. तिथे त्यांना आठव्या दिवशी घरी पाठवलं नाही. उपचार म्हणून पाण्यात उतरवणारे डॉक्टर होते. परदेशी जाण्यासाठी हातभार लावणारे माजी क्रिकेटपटू विजय मर्चंट होते. आणि पुण्याला टेल्कोत नोकरी होती. जिद्द एका माणसाची, पण तिला टेकू चार ठिकाणचा. आपण गोष्ट सांगताना टेकू काढून टाकतो आणि नुसता माणूस उभा करतो. सरकारने पद्मश्री द्यायला मात्र २०१८ उजाडलं. ४६ वर्षांनी!

मुळात हे खेळ सुरू कसे झाले, तेही माहीत असावं. लुडविग गुटमान नावाचा डॉक्टर, ज्यू असल्यामुळे नाझी जर्मनीतून पळून इंग्लंडला आलेला. १९४४ मध्ये स्टोक मँडविल इथे मणक्याच्या जखमींचा वॉर्ड त्याच्या ताब्यात आला. त्या काळी असा जखमी फार दिवस जगत नाही, हेच डॉक्टरी मत होतं. त्यामुळे त्याच्यावर कोणी मेहनतही घेत नसे. गुटमानने कोणता चमत्कार केला? दर दोन तासांनी कूस बदलायची, असा नियम केला आणि तो पाळला जातो का हे स्वतः बघितलं. लघवीच्या नळीची स्वच्छता. आणि तिसरी गोष्ट म्हणजे पेशंटला दिवसभर काम. सुतारकाम, घड्याळ दुरुस्ती, खेळ. कुरकुर चालणार नाही. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन होतं त्याच दिवशी, त्याने १६ जखमी सैनिकांची, त्यात बायकाही होत्या, धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. पुढे त्याचंच पॅरालिम्पिक झालं.

आधी अंग जपलं, मग हाताला काम दिलं, त्यानंतर मन उभं राहिलं. आपण उलटं करतो. आधी मनाला म्हणतो उभं राहा, आणि अंगाकडे बघतच नाही.

पेटकर सुवर्ण जिंकत होते त्याच १९७२ मध्ये इकडे दुष्काळ होता. आपल्या आजोबा-आजींनी तो काढलाय. खडी फोडली, तलाव खोदले, पण सुकडी मिळाली आणि मजुरी मिळाली. त्यातूनच १९७७ चा रोजगार हमीचा कायदा आला. भुकेल्या माणसाला भीक नको, काम हा त्याचा हक्क आहे, हे देशाला महाराष्ट्राने सांगितलं. मग जो जखमेतून उठलाय त्याला आपण फक्त अनुदान आणि सत्काराची शाल का देतो? त्याला कामाचा हक्क नाही का?

किल्लारीकडून तरी आपण काही शिकलो का? ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. लातूर आणि तेव्हाचं उस्मानाबाद. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, ५२ गावं नव्याने वसवावी लागली. दरवर्षी त्या तारखेला आपण मृतांना श्रद्धांजली वाहतो आणि पुनर्वसन म्हटलं की घरांचा आकडा सांगतो. घरं झाली, ते मोठं काम होतं, त्याबद्दल दुमत नाही. पण हजारो जखमी होते. कोणाचा मणका, कोणाचा पाय. त्यांची ३० वर्षं कशी गेली, हे श्रद्धांजलीच्या भाषणात मी कधी ऐकलं नाही.

त्याच किल्लारीतून एक चांगली गोष्टही निघाली आणि ती आपण विसरलो. घरांच्या दुरुस्तीचा कार्यक्रम आला तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बायकांना संवाद सहायक नेमलं. ज्यांच्या घरातली माणसं गेली होती, अशाही बाया त्या भागात होत्या. त्या सिमेंट-लोखंडाचं बोलायला लागल्या, इंजिनिअरला प्रश्न विचारायला लागल्या, दुरुस्तीवर लक्ष ठेवायला लागल्या. "धीर धर माय" असं म्हणून त्यांना बसवून ठेवलं असतं तर त्या तिथेच बसल्या असत्या. त्यांच्या हातात जबाबदारी दिली. जगायचं कशासाठी, या प्रश्नाचं उत्तर माणसाला प्रवचनात सापडत नाही. उद्या सकाळी कोणीतरी आपली वाट बघणार आहे, आपल्यावाचून एक काम अडणार आहे, यात सापडतं.

आता आक्षेप. मला माहीत आहे काय म्हणणार.

"सगळं सरकारनेच करायचं का?" नाही. आणि जखमी माणूस सगळं सरकारवर टाकून बसलाय असंही नाही. पाण्याचा पेला तोंडापर्यंत न्यायला तीन महिने लावणारा माणूस बघितलाय कधी? त्याला कोणी मेडल देत नाही. ती जिद्द गावागावात आहे. तिला दार पाहिजे, रॅम्प पाहिजे, खुर्ची पाहिजे.

"बोगस प्रमाणपत्रवाले लई झालेत." झालेत. धडधाकट माणसं दिव्यांग कोट्यातून नोकऱ्या लाटतात, हे आपण वाचतो. त्यांना पकडा, आत टाका. पण चोर पकडण्यासाठी खऱ्या माणसाला चार-चार खेपा घालायला लावणं हा न्याय झाला का? ज्याला उठता येत नाही त्यानेच उठून सिद्ध करायचं की मला उठता येत नाही!

"पैसे तर मिळतात की." मिळतात. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यूला दोन लाख, दोन अवयव गेले तर दोन लाख, एक अवयव गेला तर एक लाख. एकदाच. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं अनुदान २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये झालं, तेही आंदोलनं झाल्यावर. वाढलं ते बरंच झालं. आता दोन गेलेल्या मजुऱ्या, लघवीच्या पिशव्या, ड्रेसिंग, हवेची गादी आणि दवाखान्याची गाडी, एवढं त्या अडीच हजारांत बसवून दाखवा.

कायदा नाही असंही नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्यात सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा आहेत, इमारती सुगम करण्याचं बंधन आहे. डिसेंबर २०२२ पासून महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येकाने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे आहेत. कागद भरपूर आहे. कागद बाजेपर्यंत येत नाही.

म्हणून माझ्या मागण्या. एकही चंद्रावरची नाही.

१. नांदेडचे १६ आणि लातूरचे १० असे २६ तालुके. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट ठरलेल्या वारी हजर पाहिजे. त्याचे वार दारावर लिहिलेले पाहिजेत. जो येऊ शकत नाही त्याच्या घरी महिन्यातून एकदा तरी गेला पाहिजे.

२. मणक्याच्या किंवा डोक्याच्या जखमीला सोडण्याआधी घरच्या एका माणसाला कूस बदलणं, नळीची स्वच्छता, सांधे हलवणं हे हाताने करून शिकवा. नुसता कागद देऊ नका. आणि त्याचं नाव गावच्या आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा.

३. खुर्ची डिस्चार्जच्या वेळी आणि त्याच्या मापाची. पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शिबिरात, बॅनरखाली, सगळ्यांना एकाच मापाची वाटलेली नको. मापाची नसलेली खुर्ची पाठीला नवी जखम करते.

४. ५ टक्के निधी कशावर खर्च झाला, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहा. ग्रामसभेत वाचा.

५. काम. ग्रामपंचायतीचं डेटा भरण्याचं, दूध संकलनाच्या हिशेबाचं, रास्त भाव दुकानाचं, अभ्यासिकेचं. बसून करता येणारं काम आधी अशा माणसाला विचारा. नको म्हणाला तर दुसऱ्याला द्या.

आणि एक काम तुमच्यासाठी. ही पोस्ट वाचून "खूप छान" लिहू नका. तुमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जा आणि तीन प्रश्न विचारा. फिजिओथेरपिस्टचं पद आहे का? भरलेलं आहे का? तो कोणत्या वारी भेटतो? जे उत्तर मिळेल ते तालुक्याच्या नावासह इथे खाली लिहा. २६ तालुक्यांची यादी पूर्ण झाली की ती घेऊन दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं, आमदारांकडे जायचं. एकट्याने नाही. सोबत खुर्चीवरची माणसं असतील आणि पहिलं निवेदन तेच वाचतील. कलेक्टर ऑफिसात त्यांना वरच्या मजल्यापर्यंत नेता येतं की नाही, तेही त्याच दिवशी कळेल.

तुमच्या गावात असा कोणी बाजेवर असेल तर आज संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन या. जिद्दीचं भाषण देऊ नका. "काय काम करशील?" एवढं विचारा. आणि त्याच्या बायकोला विचारा, किती दिवस झाले पुरती झोप होऊन.